पाठ फिरवण्याची नोकरी

गुरुवारी कुहमोच्या वाचनालयात
नकाशांच्या कपाटाशेजारी मला एक टेबल मिळतं.
बँकेची शाखा मागच्या वर्षी बंद झाली.
आता शाखा म्हणजे मी, एक चार्जर,
आणि 'मदत विनामूल्य' लिहिलेली पाटी.

ताइमी हुओतारी सगळ्यांच्या आधी येते. वय एक्याऐंशी.
बर्फावरची घसरगाडी दाराबाहेर सोडते, बिनकुलपाची,
आणि पर्समधून तो कागद काढते:
गुप्त आकड्यांची यादी, घडीवर चिकटपट्टी.
एका आकड्याला एकदाच जन्म,
वापरला की पेन्सिलीची रेघ.
असे कितीतरी कागद तिनं संपवलेत.
विजेची बिलं, बोटीचा विमा,
नवऱ्याच्या शवपेटीचे पैसेसुद्धा
अशाच एका चार आकडी ओळीवर गेले.
"हे आता बंद," मी सांगतो. "आता फोन."

फोन बोट मागतो.
ती अंगठा देते, मग तर्जनी, मग दुसरा हात.
चाळीस वर्षं या बोटांनी माशांची खवलं काढली,
बर्फाखालून ओली जाळी ओढली.
रेषा कधीच पाण्यात गेल्या.
फोन थरथरतो: ओळख पटली नाही.
"म्हणजे बँकेनं," ती हसते,
"माझ्या बोटावरच बोट ठेवलं."

चेहरा?
चष्मा काढला की तिला पडदा दिसत नाही,
चष्मा घातला की पडद्याला ती दिसत नाही.

उरला सहा अंकी आकडा.
ती मोठ्यानं सांगू लागते,
परतीच्या पुस्तकांच्या खिडकीपर्यंत ऐकू जाईल असा.
मी कानांवर हात ठेवतो, खरेखुरे.
"मला सांगू नका. मलासुद्धा नाही."
"मग कुणाला सांगायचा?"
प्रशिक्षणात हा प्रश्न नव्हता.

आमच्याकडे, ती म्हणते, घरी नसलो
की दाराला बाहेरून झाडू टेकवायचा.
झाडू दिसला की माणूस आल्या पावली परत.
कुलूप होतं एक. किल्ली तळ्यात पडली,
तेव्हापासून ते जाळ्याला वजन म्हणून बांधलंय.

मी ओइवाची आठवण काढतो.
एप्रिलमध्ये त्याला फोन आला. आवाज सभ्य.
तुमचे पैसे वाचवायचेत, फक्त आकडे वाचून दाखवा.
ओइवानं चष्मा शोधला, सावकाश वाचले,
एक चुकला तो माफी मागून दुरुस्त केला.
बर्चची झाडं विकल्याचे पैसे होते.
हल्ली फोन वाजला
की तो सरपणाच्या पेटीचं झाकण लावून घेतो.

ताइमी बराच वेळ गप्प.
मग म्हणते, "झाडू बघून आत शिरणारा
आमच्या वेळी नव्हता."
आणि फोन पुढे ओढते.

मी पाठ फिरवतो.
माझ्या नोकरीतलं हे मुख्य काम.
दुसरीकडे कुणी पाठ फिरवली तर लोक बोल लावतात,
इथे मला त्याचा पगार मिळतो.
खिडकीबाहेर घसरगाडीच्या बैठकीवर बर्फ साचतोय.
मागे टिक. टिक. बराच वेळ काही नाही. टिक.
मग तो आवाज:
सुरक्षेसाठी आपल्याला बाहेर काढण्यात आलं आहे.
पुन्हा. पुन्हा बाहेर.
हळू चालणारं माणूस
त्या यंत्राला चोर वाटतं.

चौथ्यांदा दार उघडलं.
तिनं शिल्लक पाहिली, मग माझ्याकडे.
"एवढ्याशासाठी एवढं?"
कागद मात्र मला दिला नाही.
पुन्हा घडी घातली, पर्समध्ये ठेवला.

हे सगळं सांगणाऱ्या माझा पासवर्ड
बँकेला, टपालाला, सिनेमाला, सगळीकडे एकच आहे.
रोज बदलायचं ठरवतो.
पण सोय म्हणून नाही टिकलेला तो.
गेल्या हिवाळ्यात आमचा कुत्रा गेला,
आणि दिवसातून सहा वेळा
त्याला हाक मारायची एवढीच जागा उरली आहे.

नाव सांगत नाही.
तुम्ही जरा तिकडे बघा.