एकशे ऐंशीत नऊ

कुर्गयार्व तळ्यात मासे किती?
एंडेलच्या मते, संपले.
त्याच्या मते बरेच काही संपले आहे:
काठापासून काठापर्यंत गोठणारे हिवाळे,
जाळे सांधू शकणारी बोटे,
एस्तोनियात धड वाळलेले लाकूड.

लीलो जूनमध्ये तार्तूहून आली.
रबरी बूट, ताणकाटा, एक छोटी कात्री.
तळ्याच्या नकाशावर तिने चौकोन आखले,
चौकोनांना आकडे दिले,
आकड्यांच्या चिठ्ठ्या लोकरी टोपीत टाकून
एंडेललाच म्हणाली, काढा.

सत्तावीस.
"तिथे मासे नसतात."
"म्हणूनच तो टोपीत आहे."
तो वल्ही मारत राहिला, एका शब्दाविना.
साठ वर्षे त्याने मासे आहेत तिथेच जाळे टाकले;
तळ्याविषयी त्याला जे ठाऊक होते
ते त्या तीन जागांविषयी ठाऊक होते.
(सत्तावीसमध्ये चार मिळाले. तो खोकला.)

शितावरून भाताची परीक्षा, खरे आहे.
पण शीत उचलायचे कुठून,
वरचे फडफडीत, की तळाचे लागलेले?
आणि पातेलेच ढवळता येत नसेल,
दोन किलोमीटर लांब, बुडाशी काळा चिखल,
तर निदान हात तरी
आंधळा हवा.

दोनशे सदतीस पर्च.
प्रत्येकाचा पोटाखालचा डावा पर
नखाएवढा कापून पुन्हा पाण्यात.
दहा दिवस त्यांना मिसळू दिले.
मग दुसरी खेप: एकशे ऐंशी,
त्यांत खुणेचे नऊ.

विसांत एक.
जाळ्यात विसांत एक, तर तळ्यातही साधारण तेवढेच.
दोनशे सदतीस, वीसदा.
"चार हजार सातशे चाळीस," लीलो म्हणाली,
"पण हा आकडा एकटा कुठे पाठवू नका.
अडीच हजारांपासून दहा हजारांपर्यंत, असे म्हणा."

एंडेल इतका हसला की होडी हलली.
"एवढे तर मी खाटेवर पडून सांगितले असते!"
"सांगितले नव्हते. तुम्ही संपले म्हणाला होतात."

मग ती बराच वेळ बोलली, वहीकडे बघत:
मासे आहेत तेवढे आहेत.
तो आकडा खाली शांत बसला आहे.
हलते ते माझे जाळे.
उद्या टाकले तर नवाचे सहा होतील, नाहीतर तेरा.
असे शंभर उन्हाळे मी आले, शंभरदा कवेत घ्यायला हात पसरले,
तर पंच्याण्णवदा तो आकडा कवेत येईल.
पाचदा निसटेल.
हा उन्हाळा त्या पाचांतला आहे का,
ते मला कोणी सांगणार नाही.

एंडेलने पाइप पेटवला नाही, नुसता धरला.

रात्री अकराला, अजून उजेड असताना,
तो तिच्या दाराशी आला.
"पर कापलेला मासा थंडीत टिकत नाही," म्हणाला.
"माझ्या गळाला लागले त्यांतले धड होते ते सोडले.
कापलेले घरी नेले. दया म्हणून."
"किती?"
त्याने बोटे मोजली. बोटे संपली.
"अकरा. मांजराने पळवलेला धरून बारा."

लीलोने पहिल्या पानावरची ओळ वाचली,
'खुणेचे मासे तळ्यातच राहतात असे धरून',
आणि तिच्यावर काट मारली.
दोनशे पंचवीस. वीसदा. चार हजार पाचशे.
कागदावरून दोनशे चाळीस मासे गेले;
तळ्यातून गेले होते बारा.

"रागावलीस?"
"नाही. तुम्ही सांगितले नसते तर
माझे गणित बरोबरच दिसले असते."

तो उंबऱ्यावर उभाच राहिला.
मग म्हणाला, उद्याची चिठ्ठी आताच काढू का,
सकाळी माझे डोळे चिकटलेले असतात.
तिने टोपी पुढे केली.
त्याने मान दुसरीकडे वळवली, खिडकीकडे,
आणि हात आत घातला.