दार

हप्ता चुकला म्हणून बँकेला फोन लावलाय.
आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे, म्हणते यंत्रातली बाई,
आणि मग थोडं संगीत.

डर्बनला ऊन आत्ता कुठे वर आलंय.
वॉर्विकच्या स्टँडवर टॅक्सी उभी, मी स्टिअरिंगवर कोपर टेकून,
फोन डॅशबोर्डवर, स्पीकर चालू.
मागे मक्याची कणसं उकडणाऱ्या बायका आणि त्यांची वाफ.

ठेका सुरू होतो.
धुतलेला, इस्त्री केलेला, तरी ओळखीचा:
भाचा लग्नाच्या कोटात समोर यावा
आणि आधी चालीवरून कळावा, तसा.

हा आमच्या उम्लाझीचा.
याचं नाव घ्यायचं तर जीभ टाळूवर आपटावी लागते,
डबक्यात खडा पडल्यासारखी,
मग गोम.
बाहेरच्यांना तो खडा जमत नाही. ते नुसतंच गोम म्हणतात
आणि चेक फाडतात.

स्फेसिहले तेव्हा सतराचा.
शाळेचा शर्ट, पायात आईच्या सपाता.
पहाटे साडेचारला, पहिल्या फेरीच्या आधी,
पेन ड्राइव्ह मुठीत घेऊन खिडकीशी यायचा.
"बाबा, एकदा लावून बघा."
मी कोणाचा बाबा नव्हतो. लावायचो.
रेडिओवाल्यांनी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलेलं:
गाणं कुठाय यात? नुसता ढोल आणि अंधार.
माझ्या सीटांखाली दोन बारा इंची स्पीकर
आणि पंधरा माणसं, मध्येच उतरायची सोय नसलेली.
याहून मोठं सभागृह त्याला कोण देणार होतं?

मा-न्गिदी, रात्रपाळीहून परतणारी नर्स, ओरडायची:
बंद कर ते, माझ्या दातातलं सिमेंट निघतंय.
तिसऱ्या आठवड्यात आरशात पाहिलं,
डोळे मिटलेले, मांडीवर पर्स
आणि पर्सवर दोन बोटं.
त्या दिवशी पोराला म्हटलं, लागलं.

लोक टॅक्सी निवडायला लागले गाण्यावरून.
पुढची कोरी गाडी रिकामी जायची, माझी खचाखच.
रात्री पेट्रोल पंपामागे सगळ्या गाड्यांची दारं उघडी टाकून
पोरं नाचायची, गुडघ्यात वाकून,
जमिनीत काही हरवलंय आणि ते पायानंच शोधायचंय असं.
पोलीस आले की दारं मिटायची. दुसऱ्या पंपावर उघडायची.

मग लंडनहून कोणी आलं, मग बुटांची जाहिरात,
मग निवडणूक, मग लग्नं,
मग चर्चचं तरुण मंडळ, शब्द घालून.
मा-न्गिदीचा नातू शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचला,
बाईंनी बसवलेला नाच, सरळ रांगेत.
स्फेसिहले बर्लिनला गेला, आला, परत गेला.
आईला फ्रीज घेतला, दोन दारांचा.
कुठल्या कागदावर सही केली ते त्याला नीट आठवत नाही.
मी नावं ठेवत नाही. फ्रीज चांगला थंड होतो.

आणि आता बँकेच्या फोनवर
आठ ठोके, मग एक खरखर,
मग धाड.

मी कोपर उचललं.
हे माझं दार आहे.

सरकतं दार, खालचा रूळ वाकलेला,
अडतं, खरखरतं, मग सगळा राग काढून आपटतं.
एका दुपारी त्यानं मोबाइल धरून आवाज घेतला होता.
हे कशाला रे, म्हटलं.
म्हणाला, ढोल महाग असतात, बाबा.

म्हणजे बँक मला माझंच दार ऐकवतेय
आणि त्याच टॅक्सीचा हप्ता मागतेय.
खरी गोम ही.
हसू आलं, मग आठवलं,
त्या रुळाला मी अजून तेल घातलेलं नाही.

"नमस्कार, मी नोम्पुमेलेलो, काय मदत करू?"
आवाज कोवळा. खडा अजून जिभेवर असलेला.
बाई, म्हटलं, घाई नाही,
मला परत होल्डवर टाका.
"सर?"

तेवढ्यात मागे पंधरावा माणूस चढला
आणि त्यानं दार ओढलं.

पलीकडे कोणी बोलेना.
मी मोजलं, आठ ठोके.
मग, जरा हळू,
"सर, खाते क्रमांक सांगता?"