हरिपूरच्या पेवासाठी

यल्लाप्पानं काउंटरवर रिकामी नळी ठेवली,
पितळी, हळदीनं आणखी पिवळी.
"पेवात उतरायला पायजे. वीस हात खोल."

मी हिशेब मांडला:
जुन्या लॅपटॉपातला सेल, भरला की चार पॉइंट दोन,
एलईडीला तीन पुरेत,
मध्ये नखाएवढा ड्रायव्हर,
शेवटच्या थेंबापर्यंत उजेड एकसारखा.

"आन् थेंब संपला की?"
"गप्पकन विझणार."

तो हसला नाही.
"आदी आमी दोरीनं कंदील सोडतो.
हवा वंगाळ असली की त्यो विझतो,
आमी वरच थांबतो.
तुझा दिवा काय सांगंल?"

हवेचं माझ्याकडं काही नव्हतं.
सेलचं होतं.
ड्रायव्हर डबीत परत टाकला, साधा रेझिस्टर जोडला.
तापतो, फुकट खातो,
पण सेल उतरला की उजेडही
पायरी पायरीनं उतरतो,
शिडी गाठेपर्यंत पुरावा इतका सावकाश.

"कंदील सोडायचं मात्र सोडू नको."
"ते काय सांगाय पायजे?"
म्हणत त्यानं भर दुपारी
बटण दाबून उजेड तळहातावर धरला.
रेषारेषांत हळद होती.