खिडकीचं माप

सावद्याच्या केळी सोसायटीचं हापिस
मी तीनदा बांधलं, दोनदा मोडलं.
पटाशी तीच. चेअरमन बदलले.

अवचितनानांना टेबल दाराशी हवं होतं.
म्हटलं, नाना, झळ लागेल,
मे महिन्यात कागद उडतील.
म्हणाले, कागदावर दगड ठेवू भो,
गाडी चढली की मला इथून काटा दिसला पाहिजे.
समोर बाक. सागवानी, यावलच्या डेपोतला,
पाठ किंचित कलती.
बागेतून थेट आलेले लोक त्यावर टेकायचे,
कपड्यांना केळीचा चीक.
तो डाग मी रंधा मारून पाहिला, पॉलिश करून पाहिलं.
काळा होऊन लाकडात उतरलेला.
निघत नाही.

मग डिगंबरभाऊ.
खोलीच्या मधोमध उभे राहिले, दोन्ही हात पसरले:
एवढं टेबल.
दारातून जाईना, म्हणून आतच जोडलं.
त्यांची खुर्ची चार इंच उंच,
समोरच्या दोन बुटक्या.
काट्याकडची खिडकी बुजवली, धूळ येते म्हणून.
तिथे एसी बसला.
त्याचं पाणी बाहेर ठिबकायचं
नेमकं हमालांच्या माठाच्या जागी.
माठ कुठे हलवायचा, ते नकाशात नव्हतं.
मीही विचारलं नाही.

शेवटी राहिली कॅशची खिडकी.
भाऊ, किती उंचीवर कापू?
त्यांनी मलाच पार्टिशनला पाठ लावून उभं केलं,
छातीपाशी पेन्सिलीनं रेघ मारली.
जरा थांबले.
वीतभर खाली दुसरी मारली.
"थोडं वाकावं लागलं, की माणूस नीट बोलतो."

मी खालच्या रेघेवर करवत चालवली.
काठ तेवढा गोल घासला,
कोणाचं कपाळ खरचटू नये.
ते बिलात धरलं नाही.

आता वासंतीमॅडम आहेत.
मूळच्या चिनावलच्या, शिक्षण पुण्याचं.
माठाचं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, हे खरं.
टेबल कापून बाहेर काढलं, भिंती पाडल्या,
जिथे तिथे काच.
सगळे सगळ्यांना दिसतात.
सुपडू तळेले, वीस वर्षांचा क्लार्क,
दुपारी हापिसभर भरीत वाटायचा.
परवा पाहिला,
डबा मांडीवर, टेबलाखाली उघडलेला,
घास घेताना इकडेतिकडे बघत होता.

कॅशची खोली मात्र बंदच हवी म्हणे, ऑडिटचा नियम.
म्हणून ते पार्टिशन राहिलं.
नुसता रंग मारला, फिका निळा.

काल काचेच्या कामाचा शेवटचा हप्ता घ्यायला गेलो.
कॅशियर नवा पोरगा. नाव काय, विचारलं त्यानं.
रांग मागे होती.
मी वाकलो,
आणि नाव सांगता सांगता, सवयीनं,
अंगठा काठावरून फिरवला.

गुळगुळीत.
माझ्या छातीपासून बरोबर वीतभर खाली.
एका सुताचा फरक नाही.