डावा चॅनल

घणसोली, सेक्टर सात.
शेगडीच्या बाजूला पोळपाटावर बोर्ड ठेवून
नऊ वर्षांनी सोल्डरिंग आयर्न हातात धरलं.

महापेच्या कारखान्यात स्टॅबिलायझरचे बोर्ड जोडायचे मी,
दिवसाला दोनशे चाळीस.
हिरवा दिवा लागला की पुढे ढकलायचा.
त्यांनी कुणाकुणाचे फ्रीज वाचवले
मला काय ठाऊक.

चैत्रालीची गिटार चुलतभावाकडून आलेली,
एक खुंटी पकडीनं पिळावी लागते.
दुकानातला ॲम्प चौदा हजारांचा.
आमचं बजेट वीजबिलाच्या पाठीवर लिहिलेलं: अठराशे.

त्यात तिला स्टिरिओच हवा.
सहा तारांना दोन तोंडं कशाला गं?
म्हणाली, मग आवाज फिरतो ना आई,
या भिंतीवरून त्या भिंतीवर.
खोली दहा बाय बारा.
त्याला फार चालावं लागणार नव्हतं.

तुर्भ्याच्या भंगारातून ट्रान्सफॉर्मर आणला,
बारा-शून्य-बारा, तीन अँपिअर,
कांद्यासारखा वजनावर घेतला.
कुठल्याशा मोडीत निघालेल्या गाडीचे दोन स्पीकर,
त्यातल्या एकाचा कागद फाटका.
टिश्यू, फेविकॉल, दोन थर, रात्रभर पंख्याखाली.
हीटसिंक मेलेल्या कॉम्प्युटरचा.
आयसी तेवढ्या कोऱ्या घेतल्या, पंचेचाळीसला एक,
पाच पायांच्या.

त्यांच्या पाठीमागे अभ्रक घालायचं ती विसरत होती.
म्हटलं, पाठीत उणे व्होल्टेज असतं,
उघडी टेकवलीस आणि पत्रा कुठं लागला
तर अठराशेचा धूर.
तिनं वर बघितलं.
या घरात मी हे असलं कधी बोललेच नव्हते.

मग तिचे जोड तपासले. सुपारीएवढे गोळे.
थंड आहेत हे, वरून धरलेत, आतून सुटलेत.
आणि पिल्लेबाईंचं वाक्य माझ्या तोंडून, त्यांच्याच हेलात:
आधी पाय तापव, मग तार दे,
कथील आपणहून धावतं.
अठ्ठावीस जोड उसवले. पुन्हा घातले.
खोलीत रोझिनचा वास,
मला एकदम डबा खायच्या सुट्टीची भूक लागली.

पहिला करंट थेट द्यायचा नसतो.
मध्ये साठचा पिवळा बल्ब, सिरीजमध्ये.
बटण दाबलं, बल्ब भप्पकन पेटला,
दोघींनी श्वास धरला,
आणि तो हळूहळू मावळत गेला.
कपॅसिटर भरले. कुठं काही जळत नाही.
दिवा विझताना बघून
मी टाळी वाजवली असेल तर ती पहिल्यांदाच.

उजवा वाजला.
डाव्यातून घरघर,
पण ती मला ऐकू आली नाही.
डावा कान सातवीत असतानाच गेला, पू होऊन.
घरातले सगळे उजवीकडून हाक मारतात.
चैत्राली मान वाकडी करून बसली होती, म्हणून
मी डाव्या कागदावर दोन बोटं टेकवली.
आत मांजराच्या पोटासारखी गुरगुर,
एकसारखी, दम न घेणारी. ही मेनची.
अर्थ दोन ठिकाणी दिलायस तू, म्हटलं,
सगळ्या काळ्या वायरी एकाच स्क्रूला आण.

रात्री साडेनऊला, शेजारी दळव्यांची मालिका चालू असताना,
तिनं एकच कॉर्ड वाजवला, आणि सोडून दिला.
फिरतोय का गं आई? डावीकडून आला?
उजवा कान आपल्या भिंतीकडे,
बोटं डाव्या कागदावर.
आला, म्हटलं.
खोटं नव्हतं ते.
फेविकॉलच्या ठिगळावरून जाताना
जरासा अडखळला फक्त.

हिशेब एकोणीसशे दहावर गेला.
खोका अजून व्हायचाय, प्लायवूडचे पैसे पुढच्या महिन्यात.
तोवर तो उघडाच, पोळपाटावर.
काल आणि आज
पोळ्या मी उपड्या ताटावर लाटल्या.