गोळा

चिकलठाण्याच्या टॉवरमधून देवगिरी दिसतो,
धूळ नसली तर.
आज धूळ आहे.
रडार तसंही नाही आमच्याकडं.
आकाश म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीत खोचलेला कागद,
त्यावर माझं अक्षर,
बाकीचं सगळं डोक्यात.

पश्चिमेला, नकाशावर, एक लाल चौकोन.
तो कधी झोपलेला असतो, कधी जागा.
जागा झाला की काळा फोन वाजतो,
पलीकडचा पोरगेला आवाज मल्याळी वळणाच्या हिंदीत सांगतो:
दोन फायटर, बारा हजारांच्या वर, साडेतीनपर्यंत.
मी लिहून घेते. वाचून दाखवते. तो म्हणतो, बरोबर.
एवढ्याशा बरोबरच्या भरवशावर
बासष्ट माणसं पाय लांब करून पेंगत असतात.

अप्पा पूर्णेला केबिनमधे होते, मीटरगेजच्या काळात.
हिंगोलीकडं एकच लाईन.
लोखंडी गोळा, वेताच्या कड्याला लटकवलेला,
ज्याच्या हाती गोळा त्याचीच वाट.
धावत्या इंजिनातून फेकलेलं कडं अप्पा दंडावर झेलायचे,
दंड कायमचा काळानिळा.
"गोळा आल्याबिगर हिरवा द्यायचा न्हाई,
मग गाडीत कलेक्टर असू दे, न्हाईतर कलेक्टरचा बाप."
ट्रेनिंगला सोडायला अलाहाबादपर्यंत आले तेव्हा
फाटकाशी एवढंच विचारलं,
"वर गोळा कसा देतात गं?"
मी हसले होते.

तीन वाजून चार मिनिटं.
हैदराबादहून येणारं तीन-सात-एक विचारतं,
समोर ढग आहे, दहा मैल डावीकडं वळू का?
डावीकडं म्हणजे लाल चौकोन.
काळा फोन उचलते. थांबा, म्हणतो पोरगा.
मागं कुणीतरी हसतंय, कपात चमचा वाजतोय.
मग: अकरा हजारांवरून जाऊ द्या. आमचे वरच राहतील.
वाचून दाखवते. बरोबर.
गोळा दिला.

तीन वाजून नऊ.
"टीकॅस आरए."
वैमानिकाचा आवाज इस्त्री फिरवल्यासारखा.
म्हणजे त्याच्या यंत्राला दुसरं कुणीतरी दिसलंय
आणि ते त्याच्या कानात ओरडतंय, उतर, उतर.
मी म्हणते, रॉजर.
बास.
यापुढं माझं काम गप्प बसणं. नियमच तसा आहे.
यंत्र म्हणेल उतर, मी म्हणेन चढ,
आणि दोघांचं ऐकणारा हात एकच.
अठरा वर्षं बोलण्याचा पगार घेतला.
आता बटणावरचं बोट उचलून मांडीवर ठेवते,
दुसऱ्याचं झोपलेलं पोर उचलून ठेवावं तसं.
इर्शाद माझ्याकडं बघतो. मी काचेतून बघते.
धूळ. एमआयडीसीची पाण्याची टाकी.
दोन घारी,
एकमेकींना न विचारता फिरणाऱ्या.

"क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट."
टेप नंतर सांगेल, बावीस सेकंद.
माझ्याकडं वेगळा आकडा आहे,
त्याला फॉर्ममधे रकाना नाही.

चाकं टेकली.
शिडीवरून एक बाई उतरली, ओढणीवरचा चहाचा डाग चोळत.
एक गृहस्थ फोनवर कुणाला तरी झापत होते,
सिडकोपर्यंतचे तीनशे कसले रे?
काळा फोन पुन्हा वाजला.
"मॅडम, एक जरा... खाली आलं होतं."
आता तो आवाज खरंच पोराचा होता.
मी म्हटलं, लिहून ठेव. वेळेसकट.

फॉर्म छापील.
'नियंत्रकाने केलेली कृती' यापुढं पेन अडलं.
मग लिहिलं, काही नाही.
खाली सही, कंधारकर, नेहमीपेक्षा मोठी आली.

रात्री अप्पांना फोन. ऐकू कमी येतं त्यांना.
"अप्पा, आज गोळा निसटला होता."
"आँ?"
"काही नाही. जेवलात का?"
"वरण केलतं," म्हणाले. "अळणी."