हिरवा सुतार, चित्र सदतीस

गेंटमध्ये, सिंट-याकोब्स चर्चच्या मागे, रविवारी
ताडपत्रीवर पितळी नळ, बाहुल्यांचे सुटे हात
आणि अखिएलचं पुठ्ठ्याचं खोकं.
त्यात पक्षी, उभे लावलेले.
"जपून," तो म्हणतो, "दोनशे वर्षांचे आहेत,"
आणि स्वतःच थुंकी लावलेल्या बोटानं उलटत जातो.

अख्ख्या पुस्तकाला एक गिऱ्हाईक, तेही घासाघीस करणारं.
फाडलं तर चौऱ्याऐंशी.
हे त्यानंच सांगितलं मला,
खाटकानं पायाचा आणि मांडीचा भाव सांगावा तसं.
मी त्याच्याचकडून घेते.
माझे हात स्वच्छ आहेत असं म्हणायची सोय नाही.

सव्वीस वर्षं मी एकच पुस्तक परत जुळवते आहे.
ट्राम डेपोत तिकिटांचे हिशेब लिहायचे तेव्हापासून.
खूण एकच: वरच्या कोपऱ्यात कसरीचं भोक,
पानागणिक केसभर सरकणारं.
घुबडाच्या पानात ते आहे, पाणकोंबडीच्या पानात आहे.
त्या किड्यानं पुस्तक शेवटपर्यंत वाचलं,
इतकं नीट माझ्याआधी कुणी नाही.

रंग भरायला मुली असत. रांगेनं बाकावर.
एकीकडे नुसत्या चोची. दिवसभर चोची.
एकीकडे हिरवा, तांब्याच्या जंगालाचा, विषारी,
ब्रश ओठात धरू नको म्हणून रोज दटावणी.
तो हिरवा कागदाला कळकवतो,
समोरच्या पानावर आपली तपकिरी सावली सोडतो.

छत्तिसाव्यासमोरचं मजकुराचं पान होतं माझ्याकडे.
त्यावर सावली: झाडाला बिलगलेला पक्षी,
शेपटीपाशी रंग रेषेबाहेर गेलेला.
पक्षी नव्हता.

तो डॉक्टर व्हान होरेबेकेंच्या दवाखान्यात निघाला,
रेडिएटरच्या वर, दक्षिणेच्या खिडकीसमोर,
जाड चौकटीत, कोपरे झाकलेले.
दात दुखत नव्हता. मी तरी गेले.
दर सहा महिन्यांनी गेले, अकरा वर्षं.
दोन चांगल्या दाढा भरून घेतल्या.
"विकणार?"
"तोंड उघडा," ते म्हणायचे.

दर खेपेला पक्षी थोडा कमी असायचा.
आधी डोक्यावरची लाल टोपी गेली,
मग पोटाचं पिवळं.
हिरवा कोऱ्या चहासारखा झाला.
मी आ वासून खुर्चीत,
दाराच्या फटीतून त्याच्याकडे बघत.

डॉक्टर मार्चमध्ये गेले.
त्यांच्या मुलीनं, लिवेनं, फोन केला:
बाबांनी चिठ्ठी ठेवलीय चौकटीमागे,
"निरोगी दातांच्या बाईंना."

स्वयंपाकघरात, ब्रेडच्या सुरीनं मागचे खिळे उचकले.
पुठ्ठा काढला. कोपरा उजेडात धरला.

भोक नाही.

पुन्हा बघितलं. चष्मा पुसून बघितलं.
शेपटीपाशी रंग रेषेच्या आत, शहाण्यासारखा.
पक्षी तोच, ताम्रपट तोच,
पण पुस्तक दुसरं, हात दुसरा.
माझा सुतार अजून कुठेतरी आहे,
किंवा कुठल्या तरी दिव्याची शेड झाला असेल,
किंवा शेगडीत.

कॉफी निवली. कावळे ओरडत होते कालव्यावर.
मग मी हा घेतला आणि छत्तीस-अडतीसच्या मध्ये ठेवला,
त्या सावलीवर त्याला पालथा घातला.
सगळं बसलं, एक शेपटी सोडून.
एकीचा हात थरथरला होता, एकीचा नव्हता.
एकाच बाकावर असतील कदाचित.
कदाचित थंडी होती. कदाचित
शेजारचीनं कोपर मारलं, दोघी हसल्या,
आणि एकीचाच ब्रश घसरला.

रविवारी अखिएलनं विचारलं, "झालं का पूर्ण?"
"नाही," मी म्हटलं.
"सदतीस आहे का रे तुझ्याकडे?"
तो थुंकी लावून खोकं उलटायला लागला.